माडबंदरचा पहिला ओटा

ग्रामपंचायतीचे ते पत्र काशिनाथ कुबल यांनी ऑगस्टमध्ये सातआठ वेळा वाचले होते. उत्तर मात्र दिले नव्हते.

पत्र त्यांच्या पत्नीच्या, विमलाच्या नावाचे होते. माडबंदरच्या मासळीबाजारातला तिचा ओटा जून-जुलैत सलग साठ दिवसांहून जास्त बंद होता. तो रद्द का करू नये, याचा पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. काशिनाथ वाचनालयात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे घरातले लिहिणे-वाचणे त्यांच्याकडे. त्यांनी तीनदा खुलासा लिहायला घेतला आणि तीनदा फाडला. 'महोदय' लिहिल्यावर पुढे काय लिहावे? कायद्याचा शब्द चुकला तर? लोक हसले तर?

मग आपण सारे करतो तेच त्यांनी केले. ओळख शोधली. पंचायतीतल्या भाई नावाच्या सदस्याकडे विमलाने एक चांगली सुरमई पोचवली. भाई म्हणाले, बघू या. तेवढ्यावर दोघे निर्धास्त झाले.

सप्टेंबरात आदेश आला. खुलासा न आल्याने आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून ओटा रद्द करण्यात येत आहे. तो लवकरच दुसऱ्याला दिला जाईल. कागदापुढे माझे काय चालणार, असे भाई म्हणाले. सुरमईबद्दल ते काही बोलले नाहीत.

वाचनालयाचा पगार तुटपुंजा होता आणि पेन्शन नव्हती. अठ्ठावीस वर्षे घर चालत होते ते त्या ओट्यावर. काशिनाथ रोज नव्या ओळखी आठवत राहिले. शेवटी विमलाचा धीर सुटला.

"अवो, जलमभर पुस्तकां वाचल्यात, आणि एक कागद लिवक येना नाय तुमका?"

तेवढ्यात शेजारचे साल्वादोर आले. तालुक्याच्या कचेरीत फायली सांभाळण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी आदेश वाचला, तो हाती कधी आला ते विचारले आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. तीस दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येईल, असे तिथे लिहिले होते. एकवीस दिवस गेले होते.

काशिनाथ म्हणाले, त्यापेक्षा सरळ त्या साहेबांच्या पाया पडून येऊ.

"पाया कित्याक पडतंस रे? साहेब तुजा तोंड बघणा नाय, फाईल बघता. त्या फायलीत तुज्या बायलेचो एक तरी शब्द आसा? तू गप ऱ्हवलंस, तेंनी समाजले, कबूल आसा."

मग त्यांनी विमलाला विचारले, जून-जुलैत बाकीचे ओटे उघडे होते का? तिला हसूच आले. दरवर्षी ते दोन महिने मासेमारीला सरकारी बंदी. होड्याच वर ओढलेल्या, तर बाजार कसला? अकराही ओटे बंद होते. नोटीस मात्र एकट्या तिला आली, आणि तिचाच ओटा रस्त्यालगतचा पहिला, सर्वांत जास्त गिऱ्हाईक येणारा.

"म्हंजे सरकारान दर्या बंद केल्यान, आणि पंचायत इचारता, ओटो बंद कित्याक! हेंच लिव," साल्वादोर काशिनाथांना म्हणाले.

काशिनाथ चाचरले. आपण वकील नाही, काही चुकले तर?

"चुकला तर सुधारूक येता. लिवलाच नाय तर काय सुधारतलंस?"

हे वाक्य काशिनाथांना लागले. चूक होण्याच्या भीतीने आपण कोरा कागदच पाठवला होता, आणि त्या कोऱ्या कागदाने विमलाचा ओटा नेला होता!

त्यांनी लिहायला घेतले. पहिलीच ओळ आली, 'गरिबावर दया करावी.' साल्वादोरनी पेन्सिल तिथे टेकवली. दया मागितली, तर ती देणे न देणे साहेबांची मर्जी. चूक दाखवली, तर उत्तर द्यावेच लागते, असे ते म्हणाले. काशिनाथांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली. मासेमारीबंदीचा काळ ओटा बंद ठेवल्याच्या दिवसांत मोजता येत नाही, सगळे ओटे बंद असताना एकीवरच कारवाई झाली, तिला समोर बोलावून विचारले नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत लिहिले. निकाल लागेपर्यंत ओटा दुसऱ्या कोणाला देऊ नये, अशी स्थगितीही मागितली. खुलासा दिला नाही ही आपली चूक त्यांनी लपवली नाही.

बाजारातल्या सहाजणींनी आपलेही ओटे बंद होते असे लिहून दिले. चौघी घाबरल्या; त्यांना विमलाने आग्रह केला नाही. शेवटी काशिनाथ सही करू लागले, तेव्हा तिने पेन काढून घेतले.

"ओटो माजो, मगे सही पण माजीच."

सरकारी कागद आला की आपण ओळखीचा माणूस शोधतो, पेन शोधत नाही. पण बंधुभगिनींनो, अधिकाऱ्याचा निर्णय म्हणजे देवाचा कौल नव्हे. तो माणसाने घेतलेला असतो आणि माणूस चुकतो. त्याविरुद्ध दाद मागणे हा उद्धटपणा नाही, ते नागरिकाचे कामच आहे. फक्त ते लेखी हवे, कारणांसह हवे आणि मुदतीत हवे.

चोविसाव्या दिवशी दोघे पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी लिफाफा वजनाला ठेवला आणि पाठवणाऱ्याचे नाव विचारले.

"विमला काशिनाथ कुबल," काशिनाथ म्हणाले. रांगेच्या टोकाला उभ्या माणसालाही ते ऐकू गेले. बाईंनी शिक्का मारला आणि पावती विमलाच्या हातात दिली.