घागरीतला नाद

भोंगवलीच्या यात्रेत एके काळी कुस्त्यांइतकीच गर्दी भेदिकाला व्हायची, असं आजच्या पोरांना सांगितलं तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. भेदिक म्हणजे काय, हेही त्यांना सांगावं लागतं. समोरासमोर दोन फड. एक कलगीवाल्यांचा, शक्तीला मोठी मानणारा. दुसरा तुरेवाल्यांचा, शिवाला मोठा मानणारा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो गाण्यातूनच उकलायचा. देह आधी की नाव आधी, झोपेत माणूस कुठे जातो, असले सवाल. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं उन्हात मांडी घालून हे ऐकायची, पटलं तर मान डोलवायची, आणि उत्तर फसलं तर शाहिराला पुढच्या यात्रेपर्यंत टोमणे मारायची.

आमचा फड कलगीचा. शाहीर सोनबा, आणि त्याच्या मागे कानावर हात ठेवून झील ओढणारा, म्हणजे त्याची ओळ उचलून धरणारा मी, सावळाराम. पोटासाठी मी एसटीत कंडक्टर होतो. दिवसभर 'पुढे सरका' ओरडून घसा बसलेला असायचा, तरी सोनबाच्या डफावर थाप पडली की सूर लागायचा. समोर तुऱ्याचा फड, गुंजवण्याचे हनुमंत शाहीर. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की स्पीकरवाल्याने बटण उलटं फिरवावं.

या हनुमंत शाहिरांनी एका यात्रेत सोनबावर सवाल टाकला:

घागर फुटली, पाणी सांडलं, पाणी मुरलं रानात,
खापर झिजलं, माती झालं, माती मिळाली मातीत,
रित्या घागरी नाद घुमत व्हता, सांग शाहिरा सभेत,
घागर गेली, नाद बसला जाऊन कुणाच्या घरात?

सवाल उकलला नाही तर तो पुढच्या वर्षावर जातो, अशी आमच्याकडची रीत. आणि असा मागे राहिलेला सवाल उकलला, तर विचारणाऱ्याने आपल्या डफाला बांधलेला तुरा, कलगीवाला असेल तर कलगी, सोडून समोरच्याच्या हाती द्यायचा आणि पुन्हा फडावर उभं राहायचं नाही. देवासमोरचा शब्द असतो तो. त्यामुळे सवाल टाकणाराही जपून टाकतो.

सोनबाला त्या घागरीने झपाटलं. उसाला पाणी देताना, लग्नाच्या पंगतीत, माझ्या गाडीत दांड्याला लोंबकळत असताना, याचं आपलं एकच. मी तिकिटं फाडत असायचो आणि हा मागून विचारायचा, "सावळ्या, नाद ऐकणाऱ्याच्या कानात ऱ्हात आसंल का रं?" गाडीतली माणसं हसायची. त्याने ते उत्तर खरंच यात्रेत गायलं. हनुमंत शाहीर उभे राहिले आणि म्हणाले, "आन घागर बहिऱ्याच्या घरी फुटली तर?" सभा हसून लोळली. पुढच्या वर्षी सोनबाने नाद कुंभाराच्या हातात नेऊन ठेवला. शाहिरांनी कुंभारालाच मारून टाकलं. सोनबा हरून खाली उतरायचा तेव्हा त्याचा चेहरा असा फुललेला असायचा की, जिंकणारा कोण असा प्रश्न पडावा.

एकदा मी म्हटलं, "आरं, नाद आकाशात मिळाला म्हन की. सगळे कीर्तनकार त्येच सांगत्यात."

सोनबा माझ्यावर उखडला. "त्ये पोथीतलं हाय. पोथीतलं हनुमंत शायराला ठावं न्हाई व्हय? त्येवढ्यानं त्येंचं भागंना, म्हून तर मला इचारत्यात."

त्यानंतर मी त्या घागरीच्या वाटेला गेलो नाही.

मग सोनबाच्या घशात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याची आवाजाची पेटीच काढली. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास आत-बाहेर करायचा. शाहिराचा आवाज गेला, याच्यावर बोलायला शब्द नव्हते. त्याच्याकडेही नव्हते आणि आमच्याकडेही. लिहून दाखवावं तर सोनबाची मजल सहीपुरती. तो हातवारे करायचा आणि आम्ही चुकीचे अर्थ काढायचो. पाणी मागितलं तर सून चहा आणायची. तो मुकाट्याने प्यायचा.

त्याचा मुलगा धनाजी. त्याचा साउंड आणि लाइटचा धंदा आहे. पानशेतच्या फार्म हाऊसवर शनिवार-रविवार पुण्याची मंडळी नाचायला येतात, त्यांना हा स्पीकर लावून देतो. पोरगा गुणाचा, याबद्दल वाद नाही. बापाच्या आजारपणात महिनोन्महिने हॉस्पिटलात फरशीवर झोपला. यात्रेच्या आधी मला बोलावून म्हणाला, "तात्या, गंमत दावतो." आणि त्याने मोबाईलचं बटण दाबलं.

मोबाईलमधून सोनबा गायला लागला.

आमचा नेहमीचा गण. तोच खर्ज, 'गणराया' म्हणतानाचा तोच खटका. धनाजीने यात्रेतली जुनी रेकॉर्डिंगं एआयमध्ये घालून बापाचा आवाज बनवला होता. काहीही लिहून द्या, तो सोनबाच्या आवाजात गाणार. सोनबा भिंतीला टेकून ऐकत होता. त्याने हात पुढे करून मोबाईल घेतला, कानाला लावला, मग छातीला लावला, आणि ढसाढसा रडला. म्हणजे डोळे वाहत होते आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती. धनाजीही रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

ठरलं ते असं. यात्रेत सोनबा डफ घेऊन बसणार, मोबाईल फक्त गण गाणार, आणि मग सोनबा समोरच्या फडाला हात जोडणार. म्हणजे यंदाही उत्तर नाही, सवाल पुढच्या वर्षावर. सोनबाने हे आम्हाला खुणांनी दोनदा समजावलं आणि आम्हीही दोनदा माना हलवल्या.

यात्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर फड लागले. तरणी पोरं सहसा भेदिकाकडे फिरकत नाहीत, पण मुका शाहीर गाणार म्हटल्यावर मोबाईल वर धरून पुढे येऊन बसली. धनाजीने माइकवर सांगितलं की, आजाराने आबांचा आवाज नेला, यंत्राने तो परत आणला. टाळ्या पडल्या. गण झाला. हनुमंत शाहीर समोर डोळे मिटून ऐकत होते. गण संपल्यावर त्यांनी उठून आपला सवाल पुन्हा म्हटला, दर वर्षी म्हणायचे तसाच. वय झालं होतं, आवाज कापत होता, पण 'कुणाच्या घरात' म्हणताना त्यांनी सोनबाकडे असं पाहिलं की, मला दोघांच्या मधे आल्यासारखी लाज वाटली.

सोनबाने डफ मांडीवर ठेवला आणि हात जोडायला उचलले. तेवढ्यात स्पीकरमधून त्याचा आवाज सुरू झाला.

सवालाचं उत्तर. चार कडवी, यमकं चोख, एक मात्रा इकडची तिकडे नाही. घागरीत होतं तेच आकाश बाहेरही होतं, आत आणि बाहेर हा भेद घागरीने केला, ती फुटल्यावर भेद मिटला. 'नाद नभाचा, नभात मिळाला, आत नि बाहेर एकच सारं.'

मी चमकलो. हे तर पोथीतलं. पण वाटलं, आजारात माणूस मवाळ होतो. मरणाच्या दारात जाऊन आला, त्याला आता एवढं पुरत असेल. त्याने धनाजीला खुणांनी सांगून लिहवून घेतलं असेल. सोनबा डावी-उजवीकडे मान हलवत होता आणि डफावर जोरजोरात थापा मारत होता. थापा ठेक्यात नव्हत्या. मला वाटलं, अशक्तपणाने हात ढळतोय. लोकांना वाटलं, शाहीर रंगात आला, मान डोलावतोय. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पंचांनी आपसांत पाहिलं आणि सवाल उकलला म्हणून जाहीर केलं.

हनुमंत शाहिरांनी डफ मांडीवर घेतला. मग त्यांनी डफाचा तुरा सोडला. गाठ जुनी होती, सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. मधली मोकळी जागा ओलांडून ते आले आणि तुरा सोनबापुढे धरला. सोनबाने तो घेतला नाही, त्यांचं मनगटच घट्ट धरलं आणि सोडेना. सगळे हळहळले, दोन म्हातारे गहिवरले म्हणून. शेवटी धनाजीने पुढे होऊन तुरा घेतला आणि बापाच्या डफाला बांधला. कमिटीने हार घातले. हनुमंत शाहीर देवाच्या पाया पडून निघाले, ते जेवायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सोनबा जेवेना. तुरा सोडून तो खिशात घालून बसला होता. धनाजीला पाहिलं की तोंड फिरवायचा. धनाजी माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला. "तात्या, म्या काय वंगाळ केलं? आबांनी जल्मभर ज्येच्यापायी जीव काढला, ते मिळवून दिलं. एआयला सवाल घातला, पानी पिऊस्तोवर उत्तर. म्हटलं, आबांना अचानक खूश करू."

तेव्हा मला कळलं की, शब्दही सोनबाचे नव्हते. रागवावं तर पोराच्या डोळ्यांत नुसती माया. सोनबाला घेऊन नसरापूरला आलो, वेल्ह्याची एसटी धरली, मार्गासनीला उतरून जीपने गुंजवण्याला गेलो.

हनुमंत शाहीर घराच्या पडवीत बसले होते. डफ खुंटीला उलटा टांगलेला. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. सोनबाने खिशातून तुरा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"ह्ये काय शायर," हनुमंत शाहीर म्हणाले. "देवाम्होरं दिल्यालं परत घ्येता येतंय व्हय?"

सोनबाने तुरा आणखी पुढे सरकवला आणि डावी-उजवीकडे मान हलवली. यात्रेत हलवली होती, अगदी तशीच. मी ओळखलं. हनुमंत शाहिरांनीही ओळखलं असावं, कारण त्यांचा चेहरा बदलला.

"तवा बी तुमी न्हाईच म्हणत हुता?"

सोनबाने होकार दिला.

मग मी सगळं सांगितलं. आवाज यंत्राचा होता, तसे शब्दही यंत्राचेच. सोनबाला माहीतही नव्हतं.

हनुमंत शाहीर खाली बघत ऐकत होते. "म्या म्हनलं, पोथीतलं उत्तर हा मानूस द्येनार न्हाई," ते हळूच म्हणाले. "पन दिलं. म्हनलं, जाऊन आलाय त्यो तिकडं, त्येला दिसलं आसंल. सोनबाला पटलं म्हनल्यावर आपुन कोन अडनार? म्हून तुरा सोडला."

पडवीतून धरणाचं पाणी दिसत होतं. ते तिकडे बघून म्हणाले, "आमचं जुनं रान त्या पान्याखाली. भात लावताना रतनबाई बांधावरनं हाक द्यायची, भाकरीला या म्हून. डोंगरावर आपटून हाक परत यायची. रान गेलं, मग ती बी गेली. त्या वर्साला सवाल बांधला म्या. हाक कुठं गेली, येवढंच इचारायचं हुतं. आकाशात गेली म्हनं. आकाशात जाऊन काय करंल ती हितं माज्याबिगर?"

बायकोचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सोनबाची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. इतकी वर्षं हा माणूस त्याला नेमकं काय विचारत होता, ते त्याला आत्ता कळत होतं. त्याने तोंड उघडलं. त्याच्याजवळ काहीतरी होतं, आजारपणात पडल्या-पडल्या सापडलेलं असेल, आत्ताच सुचलेलं असेल. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि गळ्याच्या भोकातून हवा सुटली. हनुमंत शाहीर पुढे वाकले. त्यांनी कान अगदी त्या भोकाजवळ नेला.

"न्हाई कळत, शायर," शेवटी ते म्हणाले.

सोनबाने हात खाली टाकले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. सवाल जिवंत होता, पण विचारणाऱ्याला आता फडावर उभं राहता येणार नव्हतं, आणि ज्याच्याकडे उत्तर होतं त्याला ते सांगता येणार नव्हतं. हे दुरुस्त करणारं कुणी मला तरी माहीत नाही.

आम्ही निघालो. तुरा तिथेच राहिला, दोघांपैकी कुणी घेतला नाही. मार्गासनीला गाडीची वाट पाहत उभे होतो, सोनबा दगडावर बसला होता, तेव्हा धनाजीचा फोन आला.

"तात्या, आबा कसं हैत? जेवलं का?" मी हो म्हटलं. त्याचा आवाज मोकळा झाला. "कमिटीवाली लई खूश हैत. म्हंत्यात, फुडल्या वर्साला दोन्ही फड तूच लाव. सवाल बी, जवाब बी. तुमी गेलाच हाय तर हनुमंत शायरांचं जरा बोलनं रेकॉर्ड करून आना की. गायलं न्हाई तरी चालंल, तेवढ्यावर बी आवाज तयार व्हतो."

मी सोनबाकडे पाहिलं. त्याला ऐकू जात होतं. ऐकू सगळं येतं त्याला.

"त्येंचा बी आवाज गेला रं, धना," मी म्हणालो.

"आं? कवा?"

"यात्रंत," म्हणालो, आणि फोन ठेवला.