स्थानिकांना फायदा नाही

अनुजाने लालबागचा प्रश्न उडवला. मिरच्या कांडून मसाला करून देणाऱ्या दुकानांसाठी मुंबईतला कोणता भाग ओळखला जातो, एवढाच साधा प्रश्न होता. रकान्यातले आकडे स्वच्छ होते. मुंबईतल्या शंभरातल्या एक्याण्णव जणांना उत्तर आलं होतं, बाकी देशात चौदा जणांना. फरक वीसच्या वर गेला की प्रश्न बाद, असा नियम. तिने शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘स्थानिकांना अवाजवी फायदा. काढावा,’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

कुठल्याही गावच्या माणसावर अन्याय होऊ नये म्हणून दिवसाला दोनशे प्रश्न चाळायचे, हे तिचं काम. परळमधल्या काचेच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर बसून ती ते दोन वर्षं करत होती. आईला ते कधी नीट समजावता आलं नव्हतं. ‘परीक्षेचे पेपर तपासते,’ असं आई करी रोडच्या चाळीत सांगायची, आणि अनुजाही तेवढ्यावर भागवून न्यायची. पूर्वी हे भूगोलाचे प्रश्न लोक मोबाइलवर गंमत म्हणून सोडवत. मग कंपन्यांना त्यात नोकरभरतीची सोय दिसली. मुंबईत गाडी हाकणाऱ्याला मुंबईचा भूगोल विचारायचा, पण त्यात मुंबईकराचा फायदा होता कामा नये, अशी ही न्यायाची तऱ्हा. अनुजाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. उलट आपण निदान कुणाचं वाईट तरी करत नाही, याचं तिला बरं वाटे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दीपक, तिचा थोरला भाऊ, गॅलरीत स्टुलावर बसला होता. मोबाइल मांडीवर पालथा.

“सतरा,” तो म्हणाला.

“किती हवे होते?”

“अठरा. तीसपैकी.”

दीपक चौदा वर्षं परळच्या एका हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवत होता. गेल्या महिन्यात हॉस्पिटलने सगळ्या गाड्या एका ठेकेदाराला दिल्या. ठेकेदाराने पाच शहरांतल्या ड्रायव्हरांना ऑनलाइन परीक्षा लावली. पास झाला तो राहील, दोनदा नापास झाला तो घरी. ती परीक्षा अनुजाच्याच कंपनीने बनवली होती, आणि घरात हा विषय दोघांनीही आजवर टाळला होता.

“बुधाजीकाकांना पण सतराच,” दीपक म्हणाला. “बाहेरून भरलेली पोरं चोवीस-चोवीस घेऊन बसलीत. त्यातल्या एकाने परवा मला विचारलं, परळ आणि लोअर परळ एकच का?”

बुधाजी धुरी शेजारच्या चाळीतले. दीपकला गाडीवर घेतलं त्यांनी, आणि मागे माणूस तडफडत असताना हात थरथरू न देता गाडी कशी काढायची, तेही त्यांनीच शिकवलं. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

“काय काय चुकलं?”

“ते दाखवत नाहीत. नुसता आकडा येतो.” दीपकने आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. देशातला सर्वांत लांब किनारा, कुठल्याशा टेकडीची उंची. मग म्हणाला, “एक आपल्याकडचा होता. प्रभादेवीहून पेशंट परळला आणायचा, सर्वांत जवळचा पूल कुठला? मी टिळक पूल लिहिला. तो तर बरोबरच असणार, रोज तिथूनच आणतो.”

अनुजा वळली. चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने तो प्रश्न शोधून काढला. बरोबर उत्तर म्हणून नोंद होती ती एल्फिन्स्टनच्या पुलाची. तो पूल पाडायला घेतल्यापासून अख्खं परळ वळसा घालून जात होतं. पण प्रश्न जुन्या नकाशावरून केलेला. मुंबईतल्या शंभरातल्या नऊ जणांनी तो बरोबर सोडवला होता, बाहेरच्या सत्तेचाळीस जणांनी. खाली शेरा होता, ‘स्थानिकांना फायदा नाही. ठेवावा.’ त्याच्यापुढे तिचं नाव, आणि तारीख पूल बंद झाल्यानंतरची.

त्या तारखेच्या आसपासच ती प्रभादेवीला मैत्रिणीकडे निघाली होती आणि वळसा पडला म्हणून टॅक्सीत बसल्या बसल्या सगळ्या दुनियेला नावं ठेवत होती. आणि इथे बसून तिने प्रश्न वाचलाच नव्हता. आकडे तेवढे वाचले होते. तिला स्वतःची लाज वाटली.

ती आपल्या वरिष्ठांकडे, गौतम सरांकडे गेली. भाऊ परीक्षेला बसलाय हे सांगितलं नाही, पुलाचं सांगितलं.

गौतम सरांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून पाहिली. “फेरतपासणीला टाक. तीन महिन्यांनी नवा संच येईल, त्यात बदलतील.”

“पण परीक्षा आत्ता चालू आहेत, सर.”

“निकाल लागलेत, अनुजा. एकाचा बदलला तर सगळ्यांचे बदलावे लागतील. ठेकेदार आमच्या नावाने बोंब मारेल.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि शेरा कोणाचा आहे ते दिसतंय ना? पुढच्या महिन्यात तुमची काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचीत. मी तुझ्या जागी असतो तर याला हात लावला नसता.”

“पण फरक अडतीसचा आहे, सर.”

“उलट बाजूने आहे. त्याला आपल्याकडे रकाना नाही.”

ते हे दुष्टपणाने म्हणाले नाहीत. ती जागेवर आली, फेरतपासणीचा अर्ज उघडला, अर्धा भरला आणि मिटला.

फेरपरीक्षा रविवारी होती. प्रश्न तेच, क्रम वेगळा. हे ड्रायव्हरांना ठाऊक नव्हतं, अनुजाला होतं. शनिवारी दुपारी आई डुलकी काढत असताना तिने दीपकला गॅलरीत बोलावलं.

“दादा, त्या पुलाला एल्फिन्स्टन लिही.”

“तो आहे कुठे?”

“नकाशात आहे.”

दीपक हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. “पेशंट घेऊन नकाशावरून जाऊ?”

“पेशंट टिळक पुलावरूनच ने. परीक्षेत एल्फिन्स्टन लिही.”

दीपकने एकदा खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग उठला आणि चपला पायात सरकवल्या.

“कुठे?”

“बुधाजीकाकांना सांगून येतो.”

“नको.”

“अगं, त्यांचं पण एकाच मार्कावर अडलंय.”

“ते चार जणांना सांगतील. मनात काही ठेवत नाहीत ते, तुला माहितीये. कुणी सांगितलं असं विचारलं की माझं नाव येणार. माझी जाईल, तुझीही जाईल. घरात मग कोण कमावणार?”

हे सगळं खरंच होतं. शेजारच्या चाळीत जायला दोन मिनिटं लागतात. तो दारात उभा राहिला, एकदा अनुजाकडे पाहिलं, आणि चपला काढून पुन्हा कोपऱ्यात लावून ठेवल्या.

रविवारी दीपकला अठरा पडले. बुधाजींना सतरा.

संध्याकाळी बुधाजी स्वतः पेढे घेऊन आले. आईने खुर्ची दिली, पण ते दाराशी पेटीवरच बसले. दीपकच्या हातावर पेढा ठेवला, पाठीवर थाप मारली. “तू ऱ्हवलंस, बरा झाला. गाडी वळखीच्या हातात ऱ्हवली.” मग अनुजाकडे वळले.

“गो बाय, तू त्याच हापिसात मा? माझो एक मार्क खय गेलो, ता बघशीत काय?”

“आम्हाला बघता येत नाही, काका.”

“ऱ्हवांदे.” ते म्हणाले. “त्या पुलाचा मी दोनय वेळा टिळक पूलच लिवलंय. निदान ता तरी बरोबर मा?”

दीपकने मान वर केली नाही. पेढा तसाच त्याच्या तळहातावर होता.

“बरोबर आहे, काका,” अनुजा म्हणाली.

“मगे झाला,” बुधाजी म्हणाले, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. उठता उठता ते दीपकला म्हणाले, “त्या नव्या पोरांक तेवढा सांग हां. मोबाइल तेंका एल्फिन्स्टनाकडेच नेता. पुढे रस्तोच नाय, पेशंट घेवन थयच अडाकतले.”

“सांगतो,” दीपक म्हणाला.