निर्मनुष्य दरीचं सारवण

नागपूरच्या उन्हाच्या थापा कोणीही मारील, पण आनंदराव मोहरील किती कोरडा माणूस होता हे ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. शाळेत ड्रॉइंग मास्तर. पोरांकडून आंबा आणि तांब्या काढून घ्यायचा, आणि घरी आल्यावर स्वतः भारतभूमी काढायची. डोंगर, तळी, आभाळ. आभाळ तर एवढं रिकामं, की म्हणतात, एकदा खिडकीतून आलेली चिमणी त्यात शिरली आणि बसायला फांदी न सापडून संध्याकाळपर्यंत दमून खाली पडली.

कारण चित्रात जीव नको, हा मास्तरांचा नेम. माणूस नको, गाय नको, धूर नको. एकदा रामटेकच्या चित्रात चुकून एक कावळा राहिला, तर तो त्यांनी सुरीनं खरवडून काढला आणि सुतक असल्यासारखे बिनजेवता झोपले.

"माणूस आला की निसर्ग बाटतो," ते म्हणायचे.

"मंग तुमच्या देशात राहते कोण?" त्यांची बायको सिंधूताई भाकर थापता थापता विचारायची. "मतं बी झाडंच टाकत असतीन, नाही?"

हे मास्तरांना झोंबायचं. पण ते गिळून घेत, कारण त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: दिल्ली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती आणि दिल्लीत राष्ट्रीय निसर्गचित्रांचं दालन उघडणार होतं. प्रांताप्रांतातून एकेक चित्र निवडायचं, कायमचं टांगायचं, आणि खाली पितळेच्या पाटीवर चित्रकाराचं नाव. आंबा-तांब्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पितळेची पाटी म्हणजे काय, ते तुम्हांआम्हांला कळायचं नाही. मास्तर झोपेत मिशीऐवजी पाटी पुसत.

चित्र तयारच होतं. 'निर्मनुष्य दरी'. देवलापारच्या पलीकडची दरी, दाराएवढी उंच आणि दोन दारांएवढी रुंद. आता त्या दरीच्या ऐन मध्यभागी गोंडांचा एक टोला, म्हणजे वाडी, होती. घरं, गोठे, कोंबड्या, सगळं जिवंत. मास्तर आदल्या वर्षी छत्री रोवून समोरच्या टेकाडावर बसले तेव्हा टोल्यातून धूर निघायचा आणि त्यांचं आभाळ मळायचं. मग मास्तर टेकाडावरून ओरडायचे, "चुली विझवा! राष्ट्राचं काम चालू आहे!" टोल्यातली देवकी नावाची बाई कमरेवर हात ठेवून विचारायची, "राष्ट्र जेवत नाही काहो?" पण राष्ट्राचं नाव काढलं म्हणून चुली विझायच्या. पोरं दुपारपर्यंत उपाशी, आणि कॅनव्हासवर निव्वळ दरी. टोला होता तिथं मास्तरांनी धुकं घातलं. मे महिन्यात.

निवडीसाठी दिल्लीचा साहेब नागपुरात येणार, असं ठरलं दिवाळीच्या तोंडावर. सोबत फर्मान आलं की प्रदर्शनाला आदिवासी कलेचा स्पर्श असावा. मास्तरांनी नाक मुरडलं. पण स्पर्श नाही तर दिल्ली नाही.

"भाजीवर कोथिंबीर टाकतात तसं करू," ते सिंधूताईंना म्हणाले. "मधे माझी दरी, आजूबाजूला भिंतीवर त्यांचे मोर-बीर."

"आणि कोथिंबीरच चांगली निघाली तर?"

मास्तरांनी देवलापारकडं निरोप धाडला. त्यांना गोंडिणी माहीत होत्या त्या एकाच टोल्यातल्या. देवकी आणि तिची जाऊ नागपुरात आल्या, धरमपेठेतल्या सभागृहात शिरल्या, शेण कुठं मिळते ते आधी विचारून घेतलं. मग देवकी 'निर्मनुष्य दरी'समोर उभी राहिली. डोकं इकडून केलं, तिकडून केलं.

"हे आमची दरी होय?"

"हो."

"आमचं घर कुठी गेलं मंग?"

"धुक्यात आहे," मास्तर म्हणाले.

"बरं. कदीचं चित्र आहे जी हे?"

इथं मास्तरांची छाती फुगली. एका चित्रावर किती मेहनत घेतो, हे या बाईला कळू दे म्हणून ते ठसक्यात म्हणाले, "मागच्या दिवाळीला पुरं झालं. वर्ष झालं!"

देवकीनं जावेकडं पाहिलं. जावेनं देवकीकडं पाहिलं.

"ही भिंत तुमचीच समजा," मास्तर उदार होऊन म्हणाले. "घरी करता तसं सगळं रीतसर करा. काही मागं ठेवू नका." आणि साहेबाला आणायला स्टेशनवर गेले. गाडी उशिरा आली. एवढी उशिरा, की स्टेशनवरच्या संत्रेवाल्याची टोपली मोसंबीची झाली म्हणतात.

आता घरी रीत अशी, की दिवाळीला भिंतीवरचं गेल्या सालचं चित्र सारवून टाकायचं आणि नवं काढायचं. शिळं चित्र भिंतीवर ठेवणं म्हणजे शिळं अन्न पाहुण्याच्या ताटात वाढणं. मोर असो, वाघ असो, लग्नाचा मांडव असो, वर्ष झालं की शेणाखाली. कोणी रडत नाही.

मास्तर साहेबाला घेऊन आले आणि दारातच खिळले. भिंतीवर मोर नव्हते. 'निर्मनुष्य दरी'सुद्धा नव्हती. कॅनव्हासच्या या काठापासून त्या काठापर्यंत शेणमातीचा हात फिरला होता, त्यावर पांढऱ्या मातीनं आणि गेरूनं टोला उभा होता: घरं, गोठे, कोंबड्या, नाचणारी माणसं, आणि प्रत्येक चुलीतून धूर. सारवण पातळ झालं होतं तिथून मास्तरांचा निळा डोंगर डोळे किलकिले करून बघत होता.

 मास्तरांच्या तोंडातून शिवी निघणारच होती. पण त्याआधी साहेबाच्या तोंडातला पाईप खाली पडला.

"वाह!" साहेब म्हणाला. "ये है भारत! मिट्टी खुद बोल रही है! मोहरीलजी, ये आपने किया?"

सभागृहात ड्रॉइंग मास्तर होते, प्राध्यापक होते, कलेवर भाषणं देणारे होते. साहेबाचा पाईप पडला म्हटल्यावर सगळ्यांना शेणाचा सुगंध येऊ लागला. मास्तरांच्या डोळ्यांपुढं पितळेची पाटी लखलखली.

"जी," ते म्हणाले. "मीच."

देवकी हात धूत होती. तिनं ऐकलं. जावेला म्हणाली, "पाह्य वं, राष्ट्रानं आपल्या हातचं खाल्लं."

चित्र दिल्लीला गेलं. पाटी लागली: आनंदराव मोहरील, नागपूर. मास्तरांनी नवा कोट शिवला आणि घरात 'मातीशी असलेलं माझं नातं' यावर बोलू लागले. सिंधूताई म्हणाल्या, "आंगण सारवून दाखवा बरं एकदा." त्या दिवशी मास्तरांना कामाची आठवण झाली.

आणि पावसाळा सरल्यावर, शाळेत हेडमास्तरांच्या टेबलावर ट्रंक कॉल आला. तेलरंगावर शेण किती दिवस टिकणार? दिल्लीत भारतभूमीचे पोपडे पडू लागले होते. साहेब फोनमध्ये ओरडत होता, "मोहरीलजी, देश झड़ रहा है! तुरंत आइये!"

मास्तरांनी आधी मोरीच्या भिंतीवर हात आजमावून पाहिला. पहिल्या फेऱ्यात शेण भिंतीवर राहिना. दुसऱ्यात राहिलं, पण मास्तरांच्या कोटावर. सिंधूताई पाटावर बसून बघत होत्या. "मातीशी नातं लांबचं दिसते," त्या म्हणाल्या. "जा तिच्याकडं. मुकाट्यानं जा."

देवकीनं सगळं ऐकून घेतलं.

"दिवाळी आलीच आहे, सारवाच लागते," ती म्हणाली. "येतो आमी. पण शेण तुमी वाहाल."

"मी?"

"चित्र तुमचं नाही का?"

दिल्लीच्या दालनात त्या दिवशी जे झालं ते पाहायला राजदूत आले होते म्हणतात, आणि एका राजदूताच्या बायकोला भोवळ आली म्हणतात. नव्या कोटात, डोक्यावर शेणाचं घमेलं घेऊन आनंदराव मोहरील लाल गालिच्यावरून चालत आले. फोटोवाल्यांना वाटलं, हा विधी आहे. साहेबानं टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मास्तर मागं उभे राहिले; देवकी आणि जाऊ सारवू लागल्या. साहेबाला सांगितलं होतं की या मदतनीस आहेत.

टोला पुन्हा उभा राहिला. धूर निघाला. शेवटी टेकाडावर देवकीनं आणखी एक माणूस काढला: छत्री धरून बसलेला, गावाकडं पाठ, आणि तोंड एका म्हशीच्या शेपटीखाली.

साहेबानं चष्मा लावला. "ये आदमी कौन है, मोहरीलजी?"

आयुष्यभर चित्रात माणूस येऊ न देणाऱ्या मास्तरांनी छत्री ओळखली. घाम पुसला. "पटवारी," ते म्हणाले.

"पटवारी नाही जी," देवकी मागं न पाहता म्हणाली. "पटवारी येते तवा आमी चुली विझवत नाही."

"क्या कह रही है?"

"चित्र पूरा हो गया, कह रही है."

तेव्हा मास्तरांचं लक्ष खाली गेलं. पाटी कुठं दिसेना. भिंत सारवायची तर कोपरा सोडायचा नाही, हीही रीतच. पितळेची पाटी बोटभर शेणाखाली गेली होती आणि तिच्यावर एक कोंबडी दाणे टिपत होती.

मास्तर नखं पुढं करून झेपावले. साहेबानं त्यांचा हात वरच्यावर धरला.

"खबरदार!" साहेब म्हणाला. "कला को हाथ मत लगाइये."

देवकीनं रिकामं घमेलं मास्तरांच्या हाती दिलं. "ठेवा जपून," ती म्हणाली. "पुढच्या दिवाळीले लागन."