तिमाही पास

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुंबईची गाडी पुणे स्टेशनातून सुटली. शर्मिला ओगले त्या गाडीत होती. तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस शुक्रवारी होऊन गेला होता.

घरी तिने सांगितलं होतं, पेन्शनच्या कागदांवर एक सही राहिली आहे. तशी कुठलीही सही राहिली नव्हती. फोर्टातल्या सरकारी कार्यालयातलं तिचं कपाट, शिक्के, ओळखपत्र, सगळं शुक्रवारी पाचच्या आत जमा झालं होतं. उरला होता तो रेल्वेचा पास.

त्याचं असं झालं. एप्रिलच्या मध्यावर आधीचा पास संपला, तेव्हा खिडकीवरच्या बाईने न बघताच विचारलं, "मंथली की क्वार्टरली?" आणि शर्मिला सवयीने म्हणाली, "क्वार्टरली." महिन्या-महिन्याच्या पासापेक्षा तिमाही स्वस्त पडतो हे मुंबईला रोज जाणाऱ्या प्रत्येकीला झोपेतही पाठ असतं. आपल्या निवृत्तीला दीडच महिना उरलाय, हे शर्मिलाला रिक्षात बसल्यावर आठवलं. पास चौदा जुलैपर्यंतचा होता. श्यामसुंदरने, तिच्या नवऱ्याने, तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "रेल्वेला देणगी दिलीस होय? चांगलं केलंस. गरज आहे त्यांना."

पासवाल्या बायकांच्या डब्यात जागांवर नावं लिहिलेली नसतात, पण प्रत्येक जागा कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. दारातून शिरल्यावर डाव्या हाताची तिसरी खिडकी अठरा वर्षं शर्मिलाची होती. आज तिथे ऋतुजा बसली होती. एखादी निवृत्त झाली की तिची जागा यादीतल्या पुढच्या नंबराला मिळते, आणि ती यादी प्रेमलाच्या डायरीत असते. ऋतुजा मुंबईत एका विमा कंपनीत होती. दोन वर्षं तिने कर्जतपर्यंत उभ्याने काढली होती.

"अगं बाई, ही कोण आली!" प्रेमला ओरडली. प्रेमला धायरीची. घरी शेती होती तेव्हापासून ती दादरच्या एका रुग्णालयात नर्स होती, आणि शेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तरी नर्सच होती. "शुक्रवारी वटी भरली, साडी दिली, वडे खाल्ले. साडी परत द्यायला आलीस काय?"

"एक सही राहिलीय."

"व्हय, व्हय. माझी सासूबी शेवटच्या महिन्यात रोज म्हनायची, एक काम राहिलंय."

डबा हसला. ऋतुजा अर्धवट उठली. "काकू, बसा ना. म्हणजे, तुमचीच सीट आहे."

"छे गं. आता तुझी."

"बस खाली," प्रेमलाने ऋतुजाला दटावलं. "नियम म्हंजे नियम. शर्मिला, ये इकडं. चौथी बस."

तिघींच्या बाकावर चौथी म्हणून शर्मिला कडेला टेकली. एक पाय बाकांमधल्या वाटेत. खिडकी लांब होती, त्यामुळे खडकी कधी आली ते तिला कळलं नाही.

ऋतुजाला बोलल्याशिवाय चैन पडत नसे. मुलगा तीन वर्षांचा, सासूबाई दमतात, पुण्याच्या शाखेसाठी तिने अर्ज केलाय. "बदली मिळाली ना काकू, की मी त्या दिवशीच पास फाडून टाकणार. प्रॉमिस. तुम्हाला एवढ्या वर्षांत एकदाही मिळाली नाही?"

"हिला मिळाली व्हती," प्रेमला चिंचवडकडे बघत म्हणाली. "हिनंच घालवली."

"प्रेमला."

"काय प्रेमला? तेवीस वर्सं झाली. मला तरी कुठं कारन सांगितलंस?"

ऋतुजा दोघींकडे बघत खिडकीकडे सरकली.

झालं होतं ते एवढंच. दोन हजार तीनच्या जून महिन्यात शर्मिलाच्या टेबलावर पुण्याच्या बदलीचा आदेश आला. मागितलेला नव्हता, यादीत नाव लागलं होतं. तिची मुलगी ओवी तेव्हा दुसरीत होती. सकाळी तिचा डबा, दप्तर, वेणी श्यामसुंदर बघायचा, दुपारी शर्मिलाच्या सासूबाई, म्हणजे वेणूबाई. शर्मिला साडेपाचला निघायची ती रात्री नऊला यायची. आदेश तिने दोन दिवस पर्समध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी अर्ज लिहिला: कौटुंबिक कारणास्तव मला मुंबई येथेच ठेवण्यात यावे, ही विनंती. विनंती मान्य झाली. तिच्या ऐवजी शरच्चंद्र लोखंडे पुण्याला आले. घरी ती काही बोलली नाही.

लोणावळ्याला ती उठली.

"कुठं निघालीस?" प्रेमलाने विचारलं. "तुझी सही मुंबईला हाय ना?"

"लोणावळ्यालाही मिळते हल्ली."

प्रेमला हसली नाही. तिने शर्मिलाचा हात धरला, दाबला आणि सोडला. "जा. घरी जा. आन् उद्या येऊ नको."

लोणावळ्याहून पुण्याकडची लोकल लगेच मिळाली. स्वारगेटला बस बदलून शर्मिला बिबवेवाडीला घरी पोचली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारात ओवीच्या चपला होत्या. ओवी मंगळवारी येणार होती.

हे सगळं आधीच ठरलेलं होतं. ओवी आणि तिचा नवरा सलिल यांची दीड वर्षाची मुलगी तनया. ओवीची रजा संपत होती आणि ती बुधवारी कामावर रुजू होणार होती. सकाळी धायरीहून येऊन तनयाला आजीकडे सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. शर्मिलाने निवृत्तीच्या आधीच खालच्या खणातल्या बरण्या वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या होत्या. उरलेल्या आयुष्याचा तिने विचार केला होता तो एवढाच. पण एवढा पक्का.

"आई! होतीस कुठे?" ओवी आतून आली. "म्हटलं, आज एक दिवस तनयाची रंगीत तालीम करू. आले तर तू नाहीस. फोन घरी चार्जिंगला. ऑफिसात फोन केला, तर ते म्हणाले, मॅडमचं काहीच पेंडिंग नाही."

कार्यालयाचा तो नंबर ओवीला पहिलीपासून पाठ होता.

"मी म्हटलं, घाबरू नकोस," श्यामसुंदर खुर्चीतून म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. "ही गाडी लेट होते, रद्द होत नाही."

"लोणावळ्यापर्यंत गेले होते," शर्मिला म्हणाली.

"कशाला?"

"अशीच."

ओवीचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने आईच्या खांद्यावरची पर्स उतरवून घेतली, तिला बसवलं, पाणी दिलं. "अगं, होणारच असं. एकोणतीस वर्षं! शरीराला कळत नाही ना लगेच. सलिलला मी कालच सांगत होते. त्याची आई नोकरी करत नव्हती, त्याला कळतच नाही. म्हटलं, माझ्या आईला चॉइस नव्हता. तिला ओढत नेलं त्या गाडीनं. मला निदान चॉइस आहे. आणि तू आहेस. म्हणून मी गिल्ट न घेता जॉइन होतेय, आई. खरं सांगते."

तनया जमिनीवर बसून शर्मिलाच्या चपलेचा पट्टा ओढत होती. शर्मिलाने तिच्याकडे पाहिलं. गप्प बसणं सोपं होतं. तेवीस वर्षं जमलं होतं, अजून वीस जमलं असतं. पण ओवी ज्या बाईच्या भरवशावर मूल सोडून जाणार होती, ती बाई आपण नाही, हे तिला आज, या क्षणी, स्पष्ट दिसत होतं.

"होता," ती म्हणाली.

"काय?"

"चॉइस. मला पुण्याची बदली मिळाली होती. तू दुसरीत होतीस. मी घेतली नाही."

ओवी थोडी हसली, समजून घेणाऱ्याचं हसू. "प्रमोशन जाणार होतं का?"

"नाही."

"मग आजीमुळे? ती काही बोलली?"

"त्या काय बोलणार! त्यांनी पेढे वाटले असते."

"मग?"

शर्मिलाने ग्लास खाली ठेवला. याचं उत्तर तिने कधी शब्दांत मांडलंच नव्हतं, त्यामुळे ते जसं आलं तसं आलं. "मला गाडीतलं ते आवडायचं. साडेतीन तास जायला, साडेतीन यायला. तिथे मी कुणाची सून नव्हते, कुणाची... वाचायचे, झोपायचे, मटार सोलायचे. कुणी हाक मारायचं नाही. वाटलं, अजून एक वर्ष. पुढच्या वर्षी मागून घेऊ. पुढच्या वर्षी मागितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मागितलं, तर जागा नव्हती."

ओवीने तनयाच्या हातातून चप्पल काढून घेतली.

"सहावीत," ओवी म्हणाली, "मला पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी."

हा किस्सा घरात सगळ्यांना माहीत होता. ओवीने शाळेतून आल्यावर आईला तीन फोन केले. गाडी घाटात होती, बोगद्यात रेंज नव्हती. वेणूबाई गावी गेल्या होत्या. शेवटी श्यामसुंदर औषधाच्या दुकानात गेला आणि लाजून कापसाचा मोठा गठ्ठा घेऊन आला. लग्नकार्यात ओवी तो रंगवून सांगायची. गठ्ठ्यापाशी सगळे हसायचे. आज ती गठ्ठ्यापर्यंत गेलीच नाही.

"मी त्या घाटाला शिव्या घातल्या होत्या, आई. घाटाला."

"ओवी, बस जरा," श्यामसुंदर म्हणाला.

"नाही बाबा. तुम्हाला आत्ता कळतंय ना हे? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

श्यामसुंदरने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला माहीत होतं."

शर्मिलाने मान वर केली.

"लोखंडे," तो म्हणाला. "हिच्या जागेवर आले ते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. पालकसभेला आले तेव्हा माझे आभार मानून गेले. मिसेसनी फार मोठं मन दाखवलं म्हणाले."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?" ओवीचा आवाज चढला.

"काय विचारणार? विचारलं असतं तर आली असती पुण्याला." तो शर्मिलाकडे न बघता बोलत होता. "रात्री घरात यायची तेव्हा दमलेली असायची, पण चेहरा बरा असायचा. रविवारी नसायचा. मी वेण्या घालायला शिकलो."

शर्मिलाला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. त्याला. तेवीस वर्षं रात्री नऊला दार उघडून, हातातली पिशवी घेऊन, "आज वेळेवर?" एवढंच विचारणारा हा माणूस तिने नीट पाहिलाच नव्हता.

"म्हणजे दोघांनाही माहीत होतं," ओवी हळू म्हणाली. "फक्त मीच आईची बाजू घेऊन भांडत होते. सगळ्यांशी. सलिलशी सुद्धा."

ती उठली. सकाळी आणलेलं सामान तिने स्वयंपाकघरात लावून ठेवलं होतं, ते परत पिशवीत भरायला लागली. दोन कानांचा कप. बिब. फ्रिजमधला वरणभाताचा डबा. न्हाणीघरातली छोटी पिवळी बादली. घाई नव्हती, आदळआपट नव्हती. बरण्यांच्या रिकाम्या खणात तिने लाकडी ठोकळे ठेवले होते, ते एकेक काढून घेतले. शर्मिला मदतीला वाकली, तर ओवी म्हणाली, "असू दे. मी करते."

दारात तिने तनयाला कडेवर घेतलं. "मी चिडलेले नाहीये, आई. खरंच. तू सांगितलंस ते... बरं झालं. मला फक्त थोडा वेळ दे."

"बुधवारी किती वाजता आणतेस?"

"बुधवारचं मी बघते."

तनयाने सवयीने हात हलवला. लिफ्ट खाली गेली. श्यामसुंदरने उठून दोन कप चहा टाकला. ते दोघं समोरासमोर बसून प्यायले. "साखर कमी पडली," तो म्हणाला. "नाही, बरोबर आहे," ती म्हणाली.

मंगळवारी ओवीचा फोन आला नाही. बुधवारी ती कामावर गेली नाही, तिने रजा शुक्रवारपर्यंत वाढवली, हे सलिलकडून कळलं. गुरुवारी दुपारी सलिलने श्यामसुंदरला एका कागदाचा फोटो पाठवला. धायरीतल्या पाळणाघराचा प्रवेश अर्ज होता. पिनकोड तपासून द्या म्हणाला. शर्मिलाने फोटो मोठा करून पाहिला. अक्षर ओवीचं होतं. मुलीचं नाव, रक्तगट, दुधाची वेळ. मूल न्यायला कोण येऊ शकेल, त्यासाठी तीन ओळी होत्या. पहिलीत ओवी, दुसरीत सलिल, दोघांचे फोन नंबर. तिसरी कोरी होती.

"तिसरी भरायची राहिलीय," श्यामसुंदरने सलिलला फोन करून सांगितलं.

"हो बाबा. मी तुमची नावं घालणार होतो. ओवी म्हणाली, थांब जरा."

पाळणाघर सोमवारपासून आहे. अर्ज शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा आहे. शुक्रवारी रात्री नऊ वाजता शर्मिलाने सलिलला विचारलं, तेव्हा अर्ज फ्रिजवर लावलेला होता, आणि ती ओळ अजून कोरी होती.