सतरा एकांची गोष्ट

मी एक जुनी, खूप मोठी संख्या आहे, मित्रांनो. सतरा वेळा एक ओळीने लिहा, की मी तयार. एक आणि मी स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच मला भाग जात नसता, तर मी मूळ संख्या ठरले असते. पण तसे नाही. दोन मोठ्या संख्या एकमेकींशी गुणल्या की मी होते. म्हणजे मी संयुक्त आहे.

इंदूरच्या बाळकृष्णजींना मात्र मी मूळ वाटायचे. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यातून ते इंजिनीयर म्हणून निवृत्त झाले आणि माझ्या मागे लागले. एकोणीस एकांची माझी बहीण मूळ आहे, मग ही का नसावी, असे ते म्हणत. रोज सकाळी अंगणात पाटी घेऊन बसत आणि मला एकेका संख्येने भागून बघत. बाकी उरली की त्यांचा चेहरा खुले. इतक्या मायेने मला आजवर कुणी लिहिले नव्हते.

त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र चांगदेवजी भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवत. एका सकाळी ते आले आणि पाटीकडे बघून हसले.

"भिया, मी कंप्यूटरवर बघून घेतलं. ही मूळ नाहीये. फालतू मेहनत चाललीये तुझी."

"तुला कोणी पूछलं होतं?" बाळकृष्णजी म्हणाले. त्यांनी पाटी पुसली. चांगदेवजींचे येणे बंद झाले आणि मीही कोपऱ्यात पडले. मला वाईट वाटले ते दोघांचे. मी तर आधीपासूनच संयुक्त होते.

पुढच्या हिवाळ्यात बाळकृष्णजींना लकवा झाला. हातपाय हळूहळू सावरले, जीभ मात्र अडखळू लागली. डॉक्टर म्हणाले, बोलते करा. पण आपलाच तुटका आवाज ऐकून त्यांना लाज वाटे. ते बोलेनासेच झाले. शेवटी त्यांच्या पत्नी शालिनीबाईंनी चांगदेवजींना फोन केला.

चांगदेवजी आले ते मान खाली घालून. "वहिनी, मी त्या दिवशी चुकलो," एवढेच म्हणाले. मग त्यांनी एका मोठ्या कागदावर माझे दोन्ही अवयव लिहिले: ५३६३२२२३५७ आणि २०७१७२३. गुणाकाराच्या सगळ्या ओळी एकाखाली एक मांडल्या आणि कागद मित्रापुढे सरकवला.

"कंप्यूटर म्हणतो म्हणून मानू नकोस. बेरीज तू कर. उजवीकडून पहिल्या घरात एकटा एक आहे. खाली काय लिहू?"

बाळकृष्णजींनी त्या एकावर बोट ठेवले. मग ओठ हलले. "ए... क."

"सात आणि चार अकरा. खाली?"

"एक."

"शून्य, एक, नऊ आणि हातचा एक. परत अकरा. खाली?"

"एक." या वेळी चांगदेवजींनी विचारायच्या आधीच त्यांचे बोट पुढच्या घरावर गेले होते.

आकडे मोठे होत गेले, हातचे वाढले, तरी खाली उतरायचा तो एकच. मध्ये एकदा चांगदेवजी हातचा विसरले, तेव्हा बाळकृष्णजींनी कागदावर टिचकी मारून तो दाखवला. शालिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटचा "एक" त्यांना स्वच्छ ऐकू आला.

बाळकृष्णजींनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. मी मूळ नव्हते, हे आता त्यांच्याच तोंडून सिद्ध झाले होते. तरी त्यांच्या नजरेत मी तीच होते. मग ते शालिनीबाईंकडे वळले आणि एकेक शब्द जोडत म्हणाले, "याला... चहा... दे."

मित्रांनो, माझे अवयव आता तुम्हाला ठाऊक झाले. पण शेजारी कुणी एखादे उत्तर अजून शोधत असेल, तर ते त्याच्या अंगावर फेकू नका. त्याच्याजवळ बसा, आणि शेवटची बेरीज त्याला करू द्या.