पट्टीवरची खूण

झिग्मंड वोइचिकला लेकीवर माया करायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे तिच्या गाडीचं बॉनेट उघडणं. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं असले लाड त्याच्या बापाने केले नव्हते आणि त्यानेही केले नाहीत. दर रविवारी चर्चहून आलं की मार्सियाने गाडी अंगणातल्या सपाट सिमेंटवर लावायची आणि आत जाऊन कॉफी प्यायची. वर चढलेलं ऑइल खाली उतरेपर्यंत दहा मिनिटं म्हातारा खांद्यावर फडकं टाकून गाडीशेजारी उभा. मग इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, परत खुपसायची, परत ओढायची, आणि वरच्या-खालच्या दोन खुणांमध्ये ऑइल कुठे आहे ते बघायचं. बे सिटीतल्या त्याच्या पिढीच्या निम्म्या बापांचा हाच रविवार होता. उभा जन्म कारखान्यात इंजिनं जोडण्यात गेलेला, त्यांना दुसरं काय सुचणार म्हणा!

गरम इंजिनाची पट्टी बघणारा आणि उपाशीपोटी बाजाराला जाणारा दोघेही फसतात, असं तो म्हणायचा. मार्सियाने ते लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की त्याने तोंड उघडलं की पुढचं तीच म्हणायची. ती घरोघर जाऊन आजाऱ्यांचं बघणारी नर्स होती, दिवसाला शंभरेक मैल तरी गाडी हाकायची. आईच्या मागे बापाचं बाकीचं सगळं ती बघत होती, पण इंजिनाच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा.

सप्टेंबरात त्याचे गुडघे अगदीच संपावर गेले. गाडीखाली शिरणं काही जमेना, तेव्हा मार्सियाने हायवेवरच्या एका दुकानात ऑइल बदलून घेतलं. म्हाताऱ्याला ते मुळीच रुचलं नाही. पुढच्या रविवारी त्याने पट्टी ओढली तर ती कोरडी. परत पुसून बघितली, तरी कोरडी. दुकानवाल्यांनी काय दिवे लावलेत बघ, असं लेकीला ऐकवून त्याने अर्धी बाटली ओतली. त्याच्या पुढच्या रविवारी तेच, आणि त्याच्याही पुढच्या. इंजिन ऑइल प्यायला लागलं, असं त्याने ठरवून टाकलं. पाच रविवारांत अडीच बाटल्या गेल्या.

गुरुवारी सकाळी पिंकॉनिंगच्या रस्त्यावर गाडीमागून निळसर धुराचे लोट निघाले. मार्सियाने गाडी कडेला घेऊन बापाला फोन लावला. आता चावीला हात लावू नकोस, गाडी ओढून त्याच दुकानात ने, मी आलोच, म्हणाला. आणि स्वतःचा पिकअप ट्रक काढून रागारागाने निघाला.

खरं तर रागाखाली भीती होती, चूक आपलीच निघाली तर? ऑगस्टमध्ये त्याने शेजाऱ्याची टपालपेटी खांबासकट आडवी केली होती. ऊन डोळ्यांवर आलं, असं त्याने सांगितलं. मार्सियाने मुकाट्याने नवा खांब रोवून घेतला, पण आणखी एक असं काही झालं की ट्रकची चावी माझ्याकडे, हे बजावून ठेवलं होतं. चावी गेलेल्यांचं काय होतं ते म्हाताऱ्याने पाहिलं होतं. त्याच्याबरोबर कारखान्यात असलेल्या एर्विनची चावी त्याच्या पोरांनी मागच्या हिवाळ्यात काढून घेतली. तेव्हापासून एर्विन खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतो. म्हाताऱ्याला मरणाची भीती नव्हती. त्या खिडकीची होती.

दुकानात शेल्बी नावाची तिशीतली बाई कामावर होती, कोपरापर्यंत हात काळे. मार्सिया आतल्या खोलीत फोनवर आपल्या आजाऱ्यांची समजूत काढत होती. तेवढ्यात म्हाताऱ्याने शेल्बीला फैलावर घेतलं. इंजिन जोडणं म्हणजे काय ते तुझ्या जन्माआधीपासून मला माहीत आहे, तुम्ही ऑइल घालायलाच विसरलात, मी आठवड्याला ओततोय म्हणून आजवर गाडी चालली, वगैरे वगैरे. शेल्बीने सगळं ऐकून घेतलं. मग पट्टी पुसली, खुपसली, ओढली आणि त्याच्या हातात दिली.

"किती दिसतं, आजोबा?"

त्याने पट्टी उजेडाकडे धरली, जवळ आणली, लांब नेली. "खालच्या खुणेला पण पोचलेलं नाही. कोरडी आहे."

 शेल्बीने पांढऱ्या कागदाचा एक तुकडा घेतला, पट्टी त्यावर आडवी ठेवून दाबली आणि उचलली. कागदावर मधाच्या रंगाचा लांबच लांब डाग उमटला होता, वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. नवं ऑइल पातळ आणि नितळ असतं, पट्टीवर चटकन कळत नाही, चांगल्या-चांगल्यांना चकवतं, असं ती हलक्या आवाजात म्हणाली. म्हाताऱ्याचा मान ठेवून बोलत होती ती. पण चाळीस वर्षं पट्ट्या बघितलेल्या माणसाला कोण चकवणार? त्याने पट्टी परत डोळ्यांसमोर धरली. कागदावर डाग होता म्हणजे पट्टीवर ऑइल होतं. त्याला मात्र नुसती पट्टीच दिसत होती, तिच्यावरचं ऑइल नाही.

पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. ऑइल जास्त झालं की इंजिनात फिरणारा दांडा ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने काही वंगण होत नाही. हे त्यानेच कितीतरी नवख्यांना शिकवलं होतं. म्हणजे लेकीचं इंजिन त्याने मारत आणलं होतं, दर रविवारी अर्धी अर्धी बाटली, मायेने. 

शेल्बीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग कागदाची गोळी करून डब्यात टाकली आणि म्हणाली, जादाचं काढून टाकते, इंजिन बहुतेक वाचलंय. आमच्याकडूनच जास्त पडलं असं लिहिते, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

त्याने पट्टी तिच्या हातात परत दिली.

मार्सिया बाहेर आली. ऑइल जास्त पडलंय एवढं कळायचा अवकाश, ती शेल्बीवर अशी उखडली की बापाचा राग बरा. एक म्हातारी माझ्या इन्सुलिनच्या सुईची वाट बघत बसली आहे, भर रस्त्यात इंजिन बंद पडलं असतं म्हणजे, तुमच्या मालकाचा नंबर द्या, आत्ताच्या आत्ता. शेल्बीने मान खाली घालून मालकाचा नंबर सांगितला. मार्सिया एकेक आकडा दाबत होती.

म्हातारा भिंतीवरच्या टायरांकडे बघत होता. ट्रकची चावी खिशात मुठीत धरलेली. गप्प राहिला तर ती आयुष्यभर त्याची होती, कुणाला काही कळणार नव्हतं. फार झालं तर ह्या पोरीची नोकरी गेली असती.

"ठेव तो फोन," तो म्हणाला. "तिने काही केलेलं नाही. मी ओतलं."

"तुम्ही बघूनच ओतलंत ना, बाबा?"

"बघितलं. दिसलं नाही."

मार्सियाने फोन खाली केला. तिच्या तोंडावरचा राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते त्याला बघवेना. नर्सच ती. कुठून कुठे विचार करायचा ते तिला कळत होतं. दाराबाहेर ट्रक दोन जागा अडवून तिरका उभा होता. ती त्या ट्रककडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मग आत्ता इथवर कसे आलात?"

 खोटं बोलायला म्हाताऱ्याकडे ऊन होतं, पाऊस होता, गुडघे होते.

"सवयीने," तो म्हणाला.

आणि मूठ उघडून चावी तिच्या पुढे धरली. मार्सियाने ती घेतली, पण त्याचा हात काही सोडला नाही. शेल्बी ऑइल काढेपर्यंत दोघं तशीच दुकानाच्या मधोमध उभी होती.