लपायचा खेळ, मारायचा खेळ

हर्षाली आणि शेखरच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि एकच भांडण तेवढीच वर्षं चालू होतं. भीतीचे व्हिडिओ गेम दोघांनाही लागत, पण भीतीच्या दोन जाती असतात हे शेखरला काही केल्या पटत नसे. त्याचं अ‍ॅक्शन हॉरर. हातात भलीमोठी बंदूक, गोळ्यांना तोटा नाही, भूत दिसलं की उडव. तिचं सर्व्हायव्हल हॉरर. तिथे गोळ्या जेमतेम. कपाटात लपायचं, श्वास रोखायचा आणि जे मारता येत नाही त्याला मुकाट्याने जाऊ द्यायचं.

"हा काय गेम झाला? घाबरटांची लपाछपी नुसती," शेखर म्हणायचा.

"अरे, तुझ्या गेममध्ये भीती असते कुठे? तिथे भुतंच तुला घाबरतात," ती म्हणायची. तोवर जेवण गार झालेलं असायचं.

त्या सकाळी घंटागाडी आली म्हणून हर्षाली बादली घेऊन खाली उतरली. कचरा देऊन ती इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरते तोच भिंतीवरून काहीतरी पिवळं धप्पकन आत पडलं. बिबट्या. मळ्यांकडून भरकटलेला असावा. तो जिन्यासमोरच्या पांढऱ्या गाडीखाली शिरला आणि ती एका स्कूटरमागे मटकन बसली. फोन वर घरात राहिला होता. पण इतक्या खेळांची सवय कामी आली. हलायचं नाही, आवाज करायचा नाही. फाटक उघडं आहे, जाईल आपला आपण.

गेलाही असता. पण कोणीतरी वरून "बिबट्या! बिबट्या!" ओरडलं आणि अख्खी सोसायटी गॅलरीत आली. बिबट्या आला की दारं लावायची सोडून मोबाइल काढायचे, ही आपली जुनी खोड. शिट्ट्या काय, थाळ्या बडवणं काय, व्हिडिओत नीट यावा म्हणून "ए, इकडं बघ!" काय! फाटकाबाहेर बघ्यांची भिंत उभी राहिली आणि जनावराची सोपी वाट बंद झाली. गाडीखालून गुरगुर ऐकू आली. हर्षाली स्कूटरमागे आणखी खाली वाकली.

"हर्षाली! थांब तिथेच, मी आलो!" दुसऱ्या मजल्यावरून शेखर ओरडला. त्याच्या हातात बॅट होती.

आता मात्र ती मनापासून घाबरली. हा त्याच्या खेळातल्यासारखा धावत येणार, आणि इथे त्याच्याकडे एकही गोळी नाही. नको येऊस, नको येऊस, असं ती मनात घोकत राहिली. ओरडलं तर आपली जागा कळली असती.

तो आलाच. शेवटच्या पायरीवर पाऊल पडलं आणि गाडीखालून बिबट्या बाहेर आला, पोट जमिनीला टेकवून, थेट त्याच्याकडे तोंड करून. शेखरची बॅट हवेतच राहिली. त्याचा असा पांढराफटक चेहरा तिने कधी पाहिला नव्हता.

तिच्या खेळात कोणासाठीही आपली जागा उघड करायची नसते. तिला ते पक्कं ठाऊक होतं. तिने बादली सगळा जीव एकवटून भिंतीवर भिरकावली.

बिबट्या वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

त्याच वेळी जिन्याचं जाळीचं दार खर्रकन बंद झालं. कडी लागल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला. दार शेखरने लावलं होतं, आतून.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. मग बिबट्याने झेप घेतली. तिच्या खांद्याला घासून, स्कूटर आडवी पाडून तो भिंतीपलीकडे पसार झाला. वरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती भिंतीला धरून उठली. खांदा ओला लागत होता. जाळीआड शेखर कडीशी झटापट करत होता, पण घाईघाईत ती उलट्याच बाजूला ओढत होता.

"मला कळलंच नाही गं... हात आपोआप गेला," तो रडत म्हणाला.

तिला ते खरं वाटलं. बाहेरून हात घालून कडी सहज काढता आली असती. पण आत जायचीच तिला भीती वाटली. ती तिथेच उभी राहिली.